बारावी सायन्स आणि खो-खो: एका वर्षाचा हिशेब

यंदा बारावीला गेलेल्या मैदानावरच्या मुली, आणि त्याहून जास्त त्यांच्या आया, मला एकच विचारतात: "दोन्ही जमतं का गं?" प्रत्येकीला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला होते. 2024-25 ला बारावी सायन्स केलं आणि त्याच वर्षी कॉलेजच्या 19 वर्षांखालील खो-खो संघातून खेळले. राज्य पातळीपर्यंत आम्ही पोचलो नाही आणि मार्कही पेपरात फोटो यावा असे नाहीत. पण इंजिनिअरिंग करायचंय आणि खेळही सोडवत नाही, अशी कुणी असेल तर तिला यातलं काही कामाला येईल.

अकरावीचं थोडक्यात सांगते. विषय निवडताना मी जीवशास्त्र सोडून भूगोल घेतला. "मेडिकलचा दरवाजा स्वतःच्या हाताने बंद केलास," असं आत्याने ऐकवलं. मला त्या दरवाजातून जायचंच नव्हतं. चारही सायन्सचे विषय घेतले की फिजिक्स, केमिस्ट्री, बायो अशा तीन जर्नल आणि तीन 30 मार्कांची प्रॅक्टिकल्स होतात. भूगोलाचं प्रॅक्टिकल 20 मार्कांचं, लेखी 80 चं, आणि नकाशे मला पहिल्यापासून आवडतात. खेळणाऱ्या मुलीने हा निर्णय अकरावीच्या फॉर्मवरच घ्यावा, नंतर विषय बदलायचा म्हणजे अर्ज-विनंत्या सुरू होतात. दुसरं म्हणजे "अकरावी आरामात कर" हा सल्ला ऐकू नका. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेत, साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीचे असतात. मी अकरावीच्या उन्हाळी सुट्टीत त्यातले ठरावीक धडे उरकले होते, त्याचा उपयोग पुढच्या एप्रिलमध्ये झाला.

जून 2024 मध्ये आमचे क्रीडाशिक्षक, म्हणजे सर, यांनी सगळ्या मुलींना बसवून सीझन समजावून सांगितला. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. पावसाळा ओसरायच्या आत तालुका, मग जिल्हा, दिवाळीच्या पुढे-मागे विभाग. घरी येऊन मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर एका रंगाने ह्या तारखा अंदाजे टाकल्या आणि दुसऱ्या रंगाने कॉलेजच्या: घटक चाचणी, सहामाही, बोर्डाचा फॉर्म, पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल, लेखी, सीईटी. ते बघितल्यावर माझ्या डोक्यातला गोंधळ निम्मा कमी झाला. दोन्ही रंग एकमेकांत घुसत होते ते फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जुलै ते सप्टेंबर बऱ्यापैकी मैदानाचे होते आणि डिसेंबरपासून पुढे मैदानाचं काहीच नव्हतं.

सगळीकडे सांगतात की दिवसाचं टाइमटेबल करा, सकाळी इतके तास हे, संध्याकाळी इतके तास ते. माझा त्यावर विश्वास राहिलेला नाही. संध्याकाळी दोन तास सराव करून, गुडघे सोलून घरी आलेली मुलगी रात्री दहाला इंटिग्रेशन करेल हे कागदावर खरं वाटतं. प्रत्यक्षात ती जेवता जेवता पेंगते. वाटणी महिन्यांची करावी, असं माझं मत झालं. सीझनमध्ये कॉलेजचे तास चुकवायचे नाहीत आणि रोज सकाळी फक्त गणित करायचं, कारण गणिताचा हात सुटला की परत बसायला वेळ लागतो. बाकी विषय डिसेंबरला. डिसेंबरपासून उलट: पूर्ण अभ्यास आणि संध्याकाळी घराभोवती थोडं पळणं.

घरी हे मान्य करून घेणं सोपं नव्हतं. आई तयार झाली. पप्पांनी कालनिर्णय नीट बघितलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एक डिसेंबरनंतर मैदानात दिसलीस तर बूट विहिरीत टाकीन." एवढ्यावर मिटलं. आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पप्पांना मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे मला गाडीवरून सोडणं-आणणं त्यांच्याकडून होणार नव्हतंच. गाव ते कॉलेज एसटीचा मुलींचा मोफत पास होता, बारावीपर्यंत मिळतो. तो त्याच मार्गावर चालतो, सांगलीला टेस्ट द्यायला जायचं तर अर्धं तिकीट काढायचं. पासासाठी कॉलेजचा बोनाफाईड लागतो. तो मागताना दोन-तीन प्रती एकदमच घ्या, स्पर्धेच्या फॉर्मलाही लागतो आणि ऑफिसमधल्या खिडकीपाशी रांग कधी संपत नाही.

सांगलीतला वर्षाचा क्लास मी लावला नाही. फी सत्तर हजारांच्या पुढे होती आणि वेळ नेमकी सरावाची. गावातच फिजिक्स आणि गणिताची शिकवणी लावली, सकाळी साडेसहाची, आणि डिसेंबरनंतर सीईटीची टेस्ट सिरीज घेतली.

जुलैत कागदपत्रं सुरू झाली. कॉलेजची नोंदणी ऑनलाइन होते, खेळाडूंची माहितीही भरावी लागते. प्रत्येक मुलीचा एक फॉर्म: फोटो, जन्मतारीख, जनरल रजिस्टर नंबर, आईचं नाव, मागच्या वर्षीची मार्कलिस्ट, आधार, जन्मदाखल्याची झेरॉक्स. प्राचार्यांची सही आणि शिक्का असा की अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. आमच्या वर्षी 1 जानेवारी 2006 किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. आमची एक चांगली धावणारी मुलगी थोडक्या दिवसांच्या फरकाने वयाच्या अटीतून बाहेर गेली, तिला ते फॉर्म भरताना कळलं. ती त्या दिवशी सरावाला आली, मैदानावर पाणी मारून, आमच्यासाठी फक्की (पांढऱ्या भुकटीच्या रेषा) मारून देऊन घरी गेली. नंतर सीझनभर ती स्टॉपवॉच धरायला येत राहिली.

फॉर्म भरताना नाव आधारवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. हे का ते पुढे सांगते.

तालुक्याचे सामने चिखलात झाले आणि आम्ही जिंकलो. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. जिल्ह्याला मात्र कस लागला. माझं काम मुख्यतः पाठलागाचं, खांबाजवळच्या चौकोनात बसायचं. बाहेरच्यांना वाटतं खो-खो म्हणजे नुसतं पळणं. पाटीत, म्हणजे मधल्या पट्ट्यात, बसलेल्या मुलीचं अर्धं काम बसण्यात असतं. पंजे रोवलेले, टाच उचललेली, हात जमिनीला टेकलेले, कान मागे. पाठीवर हात पडल्यावर उठायचं, आधी हललं की फाउल. समोरची मुलगी हूल देऊन तुमच्या शेजारून निघून जाते आणि तुम्ही हलायचं नसतं. त्या वर्षी मला हे बसणं जास्त शिकायला मिळालं.

जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही जिंकला, विभागाला निवड झाली, आणि सोमवारी तासाला फिजिक्सचे सर म्हणाले, "पेपरात नाव वाचलं. हजेरीपटावरही अधूनमधून वाचायला मिळू दे." वर्ग हसला, मीही हसले. पण मुद्दा खरा होता. बोर्डाला 75 टक्के हजेरी लागते. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी आपोआप लागत नाही. क्रीडाशिक्षकांच्या सहीचं पत्र, त्याला स्पर्धेचं वेळापत्रक जोडून, वर्गशिक्षकांकडे स्वतः नेऊन द्यावं लागतं आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच घ्यावी लागते. आमच्यातल्या दोघींनी पत्र दिलं पण पोच घेतली नाही, त्यांना जानेवारीत परत सगळं शोधत बसावं लागलं. प्रॅक्टिकलचे चुकलेले तास भरून काढणं जास्त अवघड असतं. केमिस्ट्रीच्या मॅडमनी मला दुसऱ्या बॅचबरोबर बसू दिलं, त्यांचे आभार. जर्नलवर सह्या वेळच्या वेळी घ्या. डिसेंबरला एकदम सगळ्या सह्या मागायला गेलं की कुठलाही शिक्षक वैतागतो, आणि त्यांचंही बरोबर असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर मला आजही नको वाटतात. सहामाही परीक्षा, बोर्डाचा ऑनलाइन फॉर्म, विभागाची तयारी आणि घरी छाटणीची गडबड. सहामाहीत केमिस्ट्रीला 70 पैकी 29 पडले. मार्कलिस्ट आईला दाखवली. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. त्या रात्री मी संघातून नाव काढून घ्यायचं जवळपास ठरवलं होतं. सकाळी शिकवणीला गेले, तिथून तशीच सरांकडे गेले. सर म्हणाले, "काढून घे, काही हरकत नाही. पण वाचलेल्या वेळात रोज काय करणार ते लिहून आण." मी लिहायला बसले तर लक्षात आलं की सरावाचे दोन तास वाचले तरी दिवाळीपर्यंत मी त्यात भीतीच घेऊन बसणार आहे. नाव तसंच राहिलं. हा निर्णय प्रत्येकीने असाच घ्यावा असं नाही. आमच्याच संघातल्या एकीने त्याच आठवड्यात खेळ थांबवला, तिला नीट (NEET, मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची होती, आणि तिचंही योग्यच होतं.

बोर्डाचा फॉर्म कॉलेज भरतं, पण भरलेल्या माहितीची प्री-लिस्ट येते ती डोळ्यांत तेल घालून तपासा: नाव, आईचं नाव, विषयांचे कोड, माध्यम. मी नेमकी सरावाला होते म्हणून मैत्रिणीला फोटो पाठवायला सांगितला आणि बसस्टॉपवर उभं राहून एकेक ओळ वाचली.

विभागाचे सामने शेजारच्या जिल्ह्यात होते. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी, त्यामुळे सोबत कुठले सर, कुठल्या मॅडम येणार हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं. खर्चाचं सांगायचं तर मॅटवर खेळायचे बूट साधारण अकराशे, नी-कॅपची जोडी साडेतीनशे, क्रेप बँडेज वेगळं. प्रवास कॉलेजने केला, वरखर्चाला घरून पाचशे नेले होते. पिशवीत केमिस्ट्रीचं पुस्तक होतं. उघडलं नाही. बाहेरगावी स्पर्धेला जाताना पुस्तक नेऊ नका, ओझं होतं आणि उगाच अपराधी वाटतं. सूत्रांचं एक पान पुरतं.

उपांत्य सामना बरोबरीत सुटला आणि अलाहिदा डाव, म्हणजे निकालासाठी जादा डाव, झाला. खो-खो खेळणाऱ्याला त्यातला ताण वेगळा सांगायला नको. आमच्या शेवटच्या पाठलागात जिंकायला एक गडी कमी पडत होता आणि मिनिटभर शिल्लक होतं. समोरची मुलगी एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या मुलींमधून नागमोडी, पळत होती, सहज, श्वास न लागता. मला खांबाजवळ खो मिळाला, मी डाइव्ह मारली, बोटं तिच्या टाचेच्या मागून हवेतून गेली. मॅटवर हनुवटी घासली. शिट्टी झाली. त्यांच्या मुलींनी नाचायच्या आधी मला हात देऊन उठवलं, हे मला आवडलं. परतीच्या गाडीत कुणी रडलं, कुणी झोपलं, आणि पुढच्या सीटवरची एक जण मोबाईलच्या उजेडात इंग्रजीचं राइटिंग स्किल वाचत होती. तिच्याबद्दल मला आजही आदर आहे.

प्रमाणपत्रं स्पर्धेच्या ठिकाणीच मिळाली. माझ्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव अर्धवट आणि आडनावात एक अक्षर भलतंच. गर्दीत भराभर लिहितात, होतं असं. अशा वेळी घरी आल्यावर बघू म्हणून निघू नका. सरांनी तिथल्या तिथे संघाची यादी दाखवून दुरुस्त प्रत मागितली, त्यात तासभर गेला, बस थांबली, सगळ्या माझ्यावर चिडल्या. पण पुढे क्रीडागुणांच्या प्रस्तावाला नाव तंतोतंत जुळावं लागतं, आणि नंतर ही दुरुस्ती करायला कुठल्या ऑफिसला कितीदा जावं लागलं असतं कोण जाणे. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. स्कॅन करून ठेवा.

डिसेंबर सुरू झाला आणि मैदान बंद झालं. पहिला आठवडा वाईट गेला. संध्याकाळी पाच वाजले की पाय आपोआप वळवळायचे, चिडचिड व्हायची, पुस्तकात डोकं जायचं नाही. मग पाच ते पावणेसहा पळायला जायला लागले, तेव्हा गाडी रुळावर आली. वर्षभर खेळलेल्या मुलीला "आता फक्त अभ्यास" म्हणून खोलीत बसवू नका, आयांना हे मुद्दाम सांगते. केमिस्ट्री मी पहिल्या धड्यापासून परत काढली. 30 डिसेंबरला सीईटीचे फॉर्म सुटले, खुल्या गटाला एका ग्रुपची (माझा पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) फी 1000 रुपये. फोटो आणि सही ठरलेल्या आकारात अपलोड करायची असते. ते सायबर कॅफेत करायचं तर दुपारी जा, संध्याकाळी सर्व्हर आणि माणूस दोघंही थकलेले असतात.

जानेवारीत बोर्डाची हॉलतिकिटं आली आणि परतही गेली. त्यावर जातीच्या प्रवर्गाचा रकाना छापलेला होता, त्यावरून राज्यभर टीका झाली, मंडळाने ती मागे घेऊन 23 जानेवारीपासून नवी दिली. आमच्या वर्गात काहींनी जुन्याची कलर प्रिंट काढून ठेवली होती, दहा रुपये वाया. 24 जानेवारीपासून प्रॅक्टिकल. त्याच्या आधीच्या रविवारी, 19 तारखेला, दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कर्णधार, आणि आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं. तो सामना मी मोबाईलवर बघितला, पप्पा माझ्या मागे उभे राहून बघत होते. विश्वचषकात मैदानावर सात-सात जणी होत्या, आमच्याकडे नऊ. पप्पांना ते काही पटलं नाही, "दोघी कमी म्हणजे मैदान ओस दिसतं," म्हणाले. अभ्यासाचं त्या संध्याकाळी कुणीच काढलं नाही.

11 फेब्रुवारीला इंग्रजीने लेखी सुरू झाली. पेपरांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की गणिताला हात बसलेला होता, तो सकाळच्या शिकवणीचा फायदा, आणि केमिस्ट्री निभावली.

क्रीडागुणांबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते म्हणून नीट सांगते. बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या स्तरानुसार वाढीव गुण मिळतात. त्यासाठी विद्यार्थ्याने बोर्डात जायचं नसतं. प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो, तिथे प्रमाणपत्राची खातरजमा होते आणि शिफारस विभागीय मंडळाकडे जाते, आमचं कोल्हापूरचं. हे सगळं नेमकं लेखी परीक्षेच्या धामधुमीत येतं, म्हणून प्रमाणपत्राच्या प्रती, हॉलतिकिटाची प्रत आणि अर्ज आधीच एका पाकिटात घालून कॉलेजात देऊन ठेवा आणि प्रस्ताव गेला की नाही हे स्वतः विचारा. मला मिळालेले गुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आणि आता कडू भाग: इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला त्यांचा उपयोग जवळपास शून्य. तिथे बारावीला पीसीएममध्ये 45 टक्के, राखीव गटाला 40, एवढी पात्रता लागते. पुढे सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बीए, बीएस्सी, बीकॉमला बारावीच्या मार्कांवर प्रवेश असतो, तिथे ते कामाला येतात. फक्त गुणांसाठी कुणी मुलीला मैदानात ढकलत असेल तर हा हिशेब आधी करावा.

आमची पीसीएमची सीईटी 19 ते 27 एप्रिलमध्ये झाली. 150 प्रश्न, चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही रिकामा सोडायचा नाही. माझी एक मैत्रीण 27 तारखेच्या सकाळच्या सत्रात होती. त्या सत्राच्या गणितात चुका निघाल्या आणि फेरपरीक्षा लागली ती 5 मेला, बारावीच्या निकालाच्याच दिवशी. ती केंद्रावर होती आणि तिचा निकाल आम्ही बघितला.

मला 71 टक्के पडले. 16 जूनला सीईटीचा निकाल लागला, 84 पर्सेंटाइल. आत्या म्हणाली, खो-खो नसतं तर नव्वद पडले असते. पडलेही असते, मी वाद घातला नाही. मला हवी ती शाखा जवळच्या कॉलेजात मिळेल असं दिसतंय, कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेश फेरीचे) पर्याय भरायचे आहेत. पर्याय भरताना मी कॉलेजच्या वेबसाइटवर मैदानाचे फोटो बघत होते, ते पप्पांनी पाहिलं. तिथल्या एका सीनिअर ताईला विचारलं तर ती म्हणाली, संघ आहे, पण सरावाची वेळ आणि पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपची वेळ एकच असते. टाइमटेबल हातात आल्यावर बघू. नी-कॅप तेवढी नवीन घ्यायला लागेल, जुनीचं इलॅस्टिक गेलंय.